गद्रेकाकांचा वन्समोअर

खाणवाले सुरुंगाची वेळ सकाळीच जाहीर करतात. त्या वेळेच्या बरोबर चार मिनिटं दहा सेकंद आधी गद्रेकाका रेकॉर्डवर सुई ठेवतात, शर्टाची गळ्याची गुंडी लावतात आणि हॉलच्या मधोमध उभे राहतात. व्हायोलिनं सुरू होतात, त्यात बासऱ्या मिसळतात, काकांचा उजवा हात हवेत वळणं घेत वर चढत जातो. मग, देवाच्या आणि खाणीच्या मनात असलं तर, रेकॉर्डमधली मोठी झांज आणि खाणीतला सुरुंग एकाच क्षणी वाजतात. कपाटातल्या कपबश्या किणकिणतात. काका हात खाली टाकतात आणि म्हणतात, "आली सम."

हे महिन्यातून फार तर दोनदा जमतं. उरलेले दिवस सुरुंग लवकर तरी होतो नाही तर उशिरा, आणि काका खाणीच्या नावाने बोटं मोडतात. सुरुंग उडवणाऱ्या माणसाला तालाचं अंग नाही, असं त्यांनी कंपनीला रीतसर पत्र लिहून कळवलं आहे. कंपनीने अभिप्रायाबद्दल आभार मानले. ते उत्तर काकांनी फ्रिजवर लावून ठेवलंय.

आम्ही ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत आलो ते अमितच्या नोकरीमुळे. अमित माझा नवरा, खाणीत इंजिनिअर. मी इथे कान तपासते. सोन्याच्या गावात कानांना मरण नाही, म्हणजे कामाला मरण नाही. कान तर रोज मरतात. ड्रिलवर काम केलेले बाप्ये येतात, काचेच्या खोलीत बसतात, शिटी ऐकू आली की बटण दाबतात आणि घरी जाऊन बायकोला सांगतात की सगळं नॉर्मल आहे.

गद्रेकाका आमचे शेजारी. मूळचे पुण्याचे, चाळीस वर्षं खाणीच्या लॅबमध्ये दगडातलं सोनं तपासून रिटायर झालेले. आम्ही यायच्या वर्षभर आधी सुनंदाकाकू गेल्या. मुलगी रेवा पर्थला शाळेत शिकवते. पर्थ म्हणजे गाडीने सहा-सात तास, मध्ये झुडपं आणि कांगारू. काका घरात एकटे, पण एकटे म्हणायची सोय नाही, कारण त्यांच्याबरोबर बुवा राहतात.

बुवा म्हणजे एमिल ब्राउनहोफर. व्हिएन्नाचे, ऑपेरेटा लिहिणारे, केव्हाच दिवंगत. ऑपेरेटा म्हणजे काय, असं मी पहिल्याच भेटीत विचारण्याची चूक केली. "आपलं संगीत नाटकच गं. थोडं बोलायचं, मग काही कारण नसताना गायचं." पुढचा दीड तास मी बुवांचं चरित्र ऐकलं. वडील लष्करी बँडात ढोल वाजवायचे. बुवांनी सतरा ऑपेरेटा लिहिल्या, त्यातल्या सोळा आपटल्या. सतरावी हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलीची. ती सैनिकाला जोडीतला एक हातमोजा देते, दुसरा स्वतःकडे ठेवते, आणि बारा वर्षांनी तो एक हातमोजा घेऊन परत येतो. पहिल्या प्रयोगाला बुवा थिएटरात बसलेच नाहीत. मागच्या गल्लीत उभे राहून वन्समोअर मोजत होते. सात झाले तेव्हा घरी गेले. बायकोशी जन्मभर पटलं नाही, पण ती गेल्यावर बुवांनी पुढे एक ओळ लिहिली नाही.

"का?" मी विचारलं.

"वॉल्ट्झच्या मात्रा तीन, दोन वॉल्ट्झ म्हणजे एक दादरा," काका म्हणाले. "लक्षात ठेव."

काकांची ही तऱ्हा मला लवकर पाठ झाली. ते प्रश्नांना उत्तरं देत नाहीत, नुसतीच उत्तरं देतात. एकदा सुरू झाले की समोरच्याला फट मिळत नाही. फोन घेत नाहीत. फोनवर बोलणं म्हणजे बुवांच्या भाषेत तोंड न दाखवता गाणं. आणि खुर्च्यांचे नियम कडक. पाहुण्याने समोर बसायचं, फार तर उजवीकडे. डावीकडच्या खुर्चीवर कुणी टेकलं तर काका उठून उभे राहतात आणि तो उठेपर्यंत बसत नाहीत. रंगभूमीवर डावी बाजू नायिकेची, असं कारण सांगतात. अमित एकदा चुकून बसला, तर त्याला उठवून त्या खुर्चीची उशी झटकली.

या सगळ्याला मी दोन वर्षं विक्षिप्तपणा म्हणत होते. माझा धंदा काय आणि मी काय बघत होते, याची आठवण झाली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी थालीपिठांचा डबा घेऊन काकांकडे गेले तेव्हा सुरुंगाची वेळ झाली होती आणि काका हात वर करून उभे होते. त्या दिवशी वारा गावाच्या दिशेने होता म्हणून खाणीने सुरुंग ऐन वेळी पुढे ढकलला होता. आणि रेकॉर्डची सुई अडकली होती. तेच तीन सूर, पुन्हा तेच तीन सूर, पुन्हा तेच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होत होतं. काका मात्र हात हलवत पुढे पुढे चालले होते. बासऱ्यांना बोलावत होते, व्हायोलिनांना आवरत होते. झांजेची वेळ आली तेव्हा हात वर थांबला, आणि त्यांनी पाहिलं ते कपाटाकडे. कपबश्यांकडे.

मी मागून हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग अगदी त्यांच्या पाठीशी जाऊन मारली.

कपबश्या हलल्या नाहीत आणि काकाही वळले नाहीत. सुरुंग कशासाठी लागतो ते मला तेव्हा समजलं. संगीत कुठवर आलंय हे कळायला त्यांच्याकडे तेवढंच एक साधन होतं, पायाखालची जमीन.

मी त्यांना दुसऱ्याच आठवड्यात काचेच्या खोलीत बसवलं. शिटी ऐकू आली की बटण दाबायचं, असं तोंडासमोर तोंड धरून सांगितलं. काकांनी दाबलं, चांगलं भरघोस दाबलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मी शिटी वाजवत असो वा नसो, आतून वॉल्ट्झ चालू. चार वेळा परीक्षा घेऊन जो आलेख निघाला तो घसरगुंडीसारखा होता. दोन्ही कान सारखेच गेलेले. दोन्ही कानांना मशीन लावलं तर पुष्कळ परत येईल, असं मी लिहून दाखवलं. ते त्यांनी वाचलं, कागदाची चौघडी केली आणि खिशात टाकली.

"रेवाला सांगायचं नाही, कर्णपिशाच्च," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव तेच.

रेवाला सांगायचं नाही याला कारण होतं. त्याच महिन्यात काकांनी कुकर जाळला होता. शिट्या होऊन होऊन पाणी संपलं, स्मोक अलार्म कोकलत राहिला, आणि काका शेजारच्याच खोलीत पेटी वाजवत होते. रेवाने मला फोन केला. "मानसी, I'm done. दिवाळीच्या शोला मी येतेय. He's fine असं वाटलं तर मी वर्षभर काही बोलणार नाही. नाही तर घर विकायचं आणि त्यांना पर्थला न्यायचं. ते इथून हलले तर मरतील, म्हणशील तू. पण इथे जळून मरतील त्याचं काय?"

तिचं चूक नव्हतं. पण पेशंटचे कान ही पेशंटची गोष्ट, ती मी त्याच्या मुलीलाही सांगू शकत नाही. काकांना मी शंभरदा सांगितलं की मशीन लावा, प्रश्नच मिटेल. मशीन आलंही होतं, खोक्यात घालून माझ्या पर्समध्ये फिरत होतं. काका म्हणायचे, "शो होऊ दे." झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ मला झाकायची होती.

शो म्हणजे 'संगीत हातमोजा'. बुवांच्या सतराव्या ऑपेरेटाचा मराठी अवतार, शब्द काकांचे, दिग्दर्शन काकांचे, पेटीवर काका. नायिका मी, कारण गावातल्या सहा मराठी बायकांत सुरात गाणारी मी एकटी. नायक अमित, कारण तो माझा नवरा आणि नाही म्हणू शकत नव्हता. तबल्यावर मनप्रीत. हा पंजाबी मुलगा खाणीत घराएवढा डंपर चालवतो आणि दादरा असा वाजवतो की डंपरचं काही वाटेनासं होतं.

तालमींना काकांची एकच अट, मी लांब डूल घालायचे. "डूल नाहीत तर तालीम नाही." सुरुवातीला मला वाटलं, हौस. मग लक्षात आलं की पेटीवरून त्यांची नजर माझ्या कानांवरून हलत नाही. लयीबरोबर डूल हलतात, ते बघून काका भाता मारत होते. कान गेलेला माणूस माझे कान वापरत होता. आणि वाजवत इतकं चोख होते की अमितलाही पत्ता लागला नाही.

काकांची खरी तयारी वेगळ्याच गोष्टीची चालली होती, वन्समोअरची. युगुलगीत संपलं की लोक वन्समोअर देणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. आला की ते डावा हात वर करणार, आणि आम्ही ध्रुवपदापासून पुन्हा उचलायचं. माझ्या हॉस्पिटलच्या नर्सेसनाही हा शब्द आणि तो कधी ओरडायचा हे शिकवून झालं होतं. मी हळूच विचारलं, ओठ दिसतील असं, की वन्समोअर आलेला तुम्हाला कळणार कसा? तेव्हा आमचं ठरलं. मी उजवा डूल ओढायचा. ताकास तूर लागू द्यायची नाही.

दिवाळीतल्या शनिवारी दुपारी तीनला हॉल भरला. बाहेर उकाडा, आत समोशांचा वास. रेवा दुसऱ्या रांगेत येऊन बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. काकांनी पेटीच्या डावीकडे एक रिकामी खुर्ची मांडून घेतली होती. मी पडद्याआडून हे सगळं बघत होते आणि माझी पाचावर धारण बसली होती. स्वतःच्या लग्नातसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

पहिला अंक बिनबोभाट पार पडला. काकांनी एक सूर सोडला नाही. रेवाच्या हातातली पर्स मांडीवरून खाली गेली. मग आलं युगुलगीत.

एक हातमोजा तुझ्यापाशी, एक माझ्यापाशी,
थंडी मात्र दोघांपाशी, सांग कुणी यायचं?

दुसऱ्या कडव्याला आम्हाला गिरकी घ्यायची होती. अमितने ती घेतली, डंपर वळावा तशी, आणि माझा उजवा डूल त्याच्या कोटाच्या बटणात अडकून निघून गेला. मी गात राहिले. काकांची नजर माझ्या कानावर आली, तिथे काही नव्हतं. डावा डूल त्यांच्या बाजूने दिसत नव्हता. अर्धा क्षण त्यांची बोटं अडखळली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पाठांतरावर वाजवायला सुरुवात केली.

वाजवलं मात्र असं, की मी विसरले ते बहिरे आहेत. गाणं संपलं. टाळ्या झाल्या. आणि मागच्या रांगेतून पहिला आवाज आला, वन्समोअर. मग नर्सेस, मग सगळा हॉल. काका इतके महिने ज्याची वाट बघत होते तो शब्द भिंतींवर आपटत होता, आणि काका डोळे मिटून पुढच्या गाण्याचे सूर वाजवत होते.

मी रिकाम्या कानाची पाळी ओढली. बघणारे डोळे बंद होते. तबल्यावरून मनप्रीत कुजबुजला, "भाभी, अंकलजी को सुनाई नहीं दे रहा." लोक आणखी दोनदा ओरडले, मग हसले, मग एकेक करून गप्प झाले. त्या शांततेत पेटी एकटीच चालली होती.

रेवा उठली. सरळ पायऱ्या चढून स्टेजवर आली आणि तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी डोळे उघडले. आधी तिला पाहिलं, मग हॉलकडे, उभ्या राहिलेल्या माणसांकडे. त्यांचा चेहरा बघवेना. रेवा खाली वाकली आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, "बाबा, वन्समोअर आलाय."

काकांनी डावा हात वर केला. ठरल्याप्रमाणे आम्ही ध्रुवपदापासून उचललं. रेवा तिथेच उभी होती, आणि तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, एकही शब्द न चुकता. तालमीला ती कधीच आली नव्हती. काकांनी ते पाहिलं आणि त्या दुपारी पहिल्यांदा त्यांचा सूर चुकला.

शो संपल्यावर आम्ही दोघी हॉलमागे खुर्च्या आवरत होतो. मी तिला म्हटलं की काकांचे शब्द तुला कसे पाठ? रेवा हातातली खुर्ची तशीच धरून उभी राहिली.

"बाबांचे? They're Aai's. रेकॉर्ड्सही तिच्याच. आम्ही पहिलं घर घेतलं ना, तिथल्या ऑस्ट्रियन म्हातारीने मागे टाकलेल्या. आईला इथे बोलायला कुणी नव्हतं गं, तेव्हा एक मराठी घर नव्हतं. ती दिवसभर तेच लावायची आणि भांडी घासताना त्यावर मराठी शब्द बसवायची. बाबांना अजिबात आवडायचं नाही. शिफ्टवरून आले की दारातूनच, 'सुनंदा, आवाज कमी कर.' रोज. माझ्या लहानपणीचं मला हेच वाक्य आठवतं." मग ती म्हणाली, "ते बुवा बुवा हे आई गेल्यावर सुरू झालं."

बायको गेल्यावर बुवांनी ओळ का लिहिली नाही, हा माझा प्रश्न काकांनी त्या दिवशी का ऐकला नाही, हे मला आता कळलं. तेवढा एक त्यांनी नक्की ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं काकांच्या हॉलमध्ये बसलो होतो. रेवा समोर, मी उजवीकडे. रेवाने तिचं म्हणणं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं, म्हणजे बापाला ऐकलं नाही म्हणायची सोय नको. मशीन लावा नाही तर पर्थला चला. मी पर्समधून खोकं काढून टेबलावर ठेवलं. काकांनी ते बोटाने परत माझ्याकडे सरकवलं. मला राग आला होता, खरं सांगते. एवढा हट्ट, एवढी लपवाछपवी, आणि कशासाठी, तर लोक म्हातारा म्हणतील म्हणून.

"काका," मी त्यांच्या डोळ्यांसमोर बोट नाचवून म्हटलं, "ऐकू यायला लागेल तुम्हाला. नको कशासाठी?"

या वेळी मात्र त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं. रेवाकडे न बघता दिलं.

"मला ऐकू येत नाही ना, तोवर बरं आहे. मी इथे बसतो, आणि वाटतं, ती आत काहीतरी बोलत असेल. मलाच ऐकू येत नाहीये. हे लावलं की कळेल, आत कुणी बोलत नाहीये."

रेवाने कागद उलटा करून ठेवला. सुरुंगाला दहा मिनिटं होती. काकांनी सवयीने घड्याळ पाहिलं, मग रेवाला पाहिलं. तिचं नाक लाल झालं होतं. लहानपणीही रडताना होत असणार.

"उजव्या कानाला लाव," काका मला म्हणाले. "डावा राहू दे. ती डावीकडे बसायची."

एकच मशीन लावणं चूक आहे. दोन्ही कान सारखेच गेले असले तर दोन्हीला लावावं, हे मी रोज दहा माणसांना बजावते. मी एकच लावलं. दुसरं खोक्यातच राहिलं, आणि ते खोकं काकांनी उचलून डावीकडच्या खुर्चीवर ठेवलं. मी मशीन सुरू केलं तसे ते दचकले. फ्रिजकडे वळून बघितलं, मग पंख्याकडे, मग स्वतःच्या चपलेकडे. रेवा म्हणाली, "बाबा?" तर म्हणाले, "ओरडतेस कशाला?"

मग उठून त्यांनी सुई ठेवली. आवाजाचं बटण दोन वर्षं टोकाला होतं तसंच होतं. व्हायोलिनं अशी कडाडली की मी कान झाकले. काका रेकॉर्डपाशी वाकून उभे राहिले, उजवा कान पुढे करून. "केवढी खरखर आहे ही," ते म्हणाले. "रोज लावून लावून झिजवली तिने."

रेवा आवाज कमी करायला उठली. तिचा हात बटणापर्यंत पोचायच्या आधी काकांनी तो धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "कमी करू नकोस."

त्या दिवशी सुरुंग दोन मिनिटं उशिरा झाला. झांज केव्हाच होऊन गेली होती. कपबश्या किणकिणल्या, पण काकांनी तिकडे बघितलं नाही. ते रेवाचा हात धरून तिथेच उभे होते.